बुधादित्य योग आणि करिअर

नोकरी बदलण्यापूर्वी पत्रिका दाखविणारे शहरांतही कमी नाहीत. कुंडलीतील दशम हे कर्मस्थान; व्यवसाय, अधिकार व लौकिक यांचा विचार ज्योतिषी प्रामुख्याने येथूनच करतात. या स्थानी रवी-बुध एकत्र आले की बुधादित्य योग मानून बुद्धी आणि मानसन्मान वर्तविला जातो. गुरू-राहूची युती म्हणजे चांडाळ योग, नावाला बट्टा लावणारा.

बुधादित्याचे अप्रूप मात्र बेतानेच बाळगावे. पृथ्वीवरून पाहता बुध सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे जातच नाही आणि रास असते ३० अंशांची. साहजिकच तो सूर्याच्या राशीत किंवा लगतच्या राशीतच सापडतो. असा योग असंख्य पत्रिकांत असतो. यावर ज्योतिषी अस्तंगत बुध, दशा, अंशात्मक अंतर यांकडे बोट दाखवितात.

भाकितांची पडताळणी महाराष्ट्रात झालेली आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या. करिअर नव्हे, केवळ बुद्धी ओळखायची होती. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. सर्वाधिक अचूक उत्तरे २४; सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहूनही किंचित कमी.