प्रतापगडाची वाट: ३० नोव्हेंबर १९५७

तेरा महिने आधी

१ नोव्हेंबर १९५६. मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांना दिल्लीने द्विभाषिक राज्य दिले. कच्छ, सौराष्ट्र, गुजरात, मराठवाडा, विदर्भ, सगळे एकाच राज्यात. मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण. आदल्या वर्षी फलटणला त्यांनी सांगून टाकले होते की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवड करायचीच झाली, तर आपण नेहरूंकडे. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनला पोलिसांच्या गोळ्यांनी पंधरा माणसे मारली होती. पुढच्या जानेवारीत मुंबई केंद्राकडे जाणार असे जाहीर झाले आणि मेलेल्यांची संख्या शंभराकडे गेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर राजीनामा दिला, तरी दिल्ली हलली नाही.

आठ महिने आधी

१९५७ ची निवडणूक. पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ ला स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवले. कराडमध्ये खुद्द चव्हाण थोडक्या मतांनी वाचले. साताऱ्यातून प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले. पुण्याहून ना. ग. गोरे, राजापूरहून नाथ पै, मुंबईहून डांगे, नाशिकहून दादासाहेब गायकवाड. समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनवाले. एरवी एका सतरंजीवर बसले नसते. दिल्लीच्या लेखी ही प्रांतवादी, फुटीर मंडळी. पण ही माणसे वेगळा देश मागत नव्हती, देशातच आपले राज्य मागत होती, आणि तेही निवडून येऊन. अशा फुटीरांचे करायचे काय, हे काँग्रेसला उमगत नव्हते.

काही दिवस आधी

प्रतापगडावर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि अनावरणाला पंतप्रधान येणार असे ठरले. समितीने काळ्या निशाणांची हाक दिली. एक कारण सांगितले जाई ते नेहरूंच्या जुन्या पुस्तकाचे. तुरुंगात लिहिताना त्यांनी अफझलखान प्रकरणात शिवाजीराजांना दोष दिला होता. पण त्याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला होता, मजकूरही सुधारला होता. माझ्या मते पुस्तक हे निमित्त. खरा राग द्विभाषिकावरचा. ज्यांनी मुंबई अडवून धरली त्यांनीच महाराजांच्या पुतळ्यावरचा पडदा सारायचा, हे गिळवत नव्हते.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ

उत्तर सातारा जिल्ह्यात (सांगली तेव्हा दक्षिण सातारा) माणसे वाईकडे निघालेली. हा मुलूख नवखा नव्हता. १९४३ ते ४६, प्रतिसरकारच्या काळात, इथल्या गावांनी इंग्रजांना बाजूला सारून स्वतःची न्यायदान मंडळे चालवली होती. बंदोबस्ताची त्यांना फारशी भीती नव्हती, आणि चव्हाणांची काळजी तीच असणार. ते स्वतः याच मुलखातल्या भूमिगत चळवळीतून वर आलेले.

समितीचे नेते एस. एम. जोशी यांची काळजी वेगळी. त्यांनी निदर्शने शांततेत होतील असा शब्द दिला होता. एक दगड पंतप्रधानांच्या मोटारीवर पडला असता तर पोलिसांची गोळी सुटली असती. डोंगराच्या कडेला, दरीच्या तोंडाशी, एवढ्या गर्दीत. फ्लोरा फाउंटनला निदान पळायला रस्ते होते. आणि पंतप्रधानांवर हात उचलणारा पक्ष म्हणून समितीचे नाव लोकसभेत कायमचे बसले असते. नाना पाटील, नाथ पै यांना तिथे तोंड उघडता आले नसते.

३० नोव्हेंबर, सकाळ

पुण्याहून येणारा रस्ता नीरा ओलांडून शिरवळला साताऱ्याच्या हद्दीत शिरतो. खंडाळा मागे पडले की खंबाटकीचा घाट. तो उतरल्यावर सुरूरला फाटा फुटतो: सरळ सातारा, उजवीकडे वाई. अफझलखानाचा तळ वाईला होता आणि तिथूनच तो १६५९ मध्ये जावळीत उतरला, हे निदर्शकांना कुणी शिकवायला नको होते. खानाशी नेहरूंची तुलना चूक होती, अन्यायाचीही होती. पण वाट तीच होती.

वाईच्या पुढे

पसरणीचा घाट वळणे घेत पाचगणीकडे चढतो. या वाटेवर हजारो माणसे उभी होती. हातात काळी निशाणे, तोंडी ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. पुढाऱ्यांत एस. एम. होते, आचार्य अत्रे होते. एरवी ‘मराठा’च्या अग्रलेखात अत्रे ज्यांना सोलून काढत, त्यांची मोटार हाताच्या अंतरावरून जाणार, आणि आज शिस्त पाळायची. अत्र्यांसाठी याहून अवघड परीक्षा नसावी.

घाटात मोटारीला जोर धरता येत नाही. दिल्लीत नेहरूंना मराठी माणसांचा राग अहवालांतून कळत होता. इथे तो वळणावळणाला समोर येत राहिला. अडुसष्ट वर्षांच्या पंतप्रधानांना या वाटेवर तो टाळायची सोय नव्हती.

गोळी सुटली नाही.

गडावर

पुतळ्याचे अनावरण ठरल्याप्रमाणे झाले. नेहरूंनी महाराजांचा गौरव केला. चव्हाण शेजारी होते. समारंभ म्हणून यजमानांनी तो जिंकला.

त्यानंतर

अरिष्ट आले ते द्विभाषिकावर. शंभर बळींनी जे झाले नाही ते एका दिवसाने झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मतपेटीने आधीच घाव घातला होता. पण घाटानंतर ‘हे मुंबईतल्या चार गुंडांचे काम’ असे दिल्लीत म्हणणे कठीण झाले. आता चव्हाणांना वरिष्ठांकडे सांगायला प्रत्यक्ष पाहिलेला पुरावा होता, आणि तो त्यांच्या विरोधकांनी पुरवला होता. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना प्रश्न पुन्हा उघडला गेला, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले.

समितीला मात्र हा विजय सोसला नाही. मागणी संपली तशी सतरंजी गुंडाळली. समाजवादी एकीकडे, कम्युनिस्ट दुसरीकडे. मंगल कलश आणल्याचे श्रेय चव्हाणांच्या नावावर जमा झाले. १९६२ च्या निवडणुकीत साताऱ्याची लोकसभेची जागा काँग्रेसने परत घेतली. निवडून आले किसन वीर, सुरूर फाट्याजवळच्या कवठे गावचे.