कलमी आंबा आणि उन्हाळ्याचे ताट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वसईचा किल्ला उभा राहतो. १५३४चा तह, १७३९ची चिमाजी आप्पांची मोहीम, ढासळलेले बुरूज, छप्पर हरवलेली मंदिरे. परंतु ज्या शतकांनी हा किल्ला उभारला, त्याच शतकांनी आपले उन्हाळ्याचे ताटही मांडले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. किल्ला पडला, ताट मात्र दर चैत्र-वैशाखात नव्याने वाढले जाते. त्याचा इतिहास वाचायला दप्तरखान्यात जावे लागत नाही. पदार्थांची नावे लक्ष देऊन ऐकली तरी बरेच काही उलगडते.

आंबा आपल्याच मातीतला. पोर्तुगीज येथे आले तेव्हा त्यांनी मलबारात ‘मांङ्ङा’ हा शब्द ऐकला, त्याचा ‘मांगा’ केला आणि पुढे तोच जगभर गेला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या संवादरूप ग्रंथात आंब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते, आणि तेथील आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, असे तो कौतुकाने सांगतो.

पण आंब्याला एक खोड आहे. गोड आंब्याची कोय पेरली म्हणजे तसाच गोड आंबा येईल, याचा भरवसा नसतो. कोयीतून उगवते ते रायवळ. प्रत्येक झाडाची चव निराळी, रेषा निराळ्या. विशिष्ट चव टिकवायची तर कलम हाच मार्ग. भेटकलमात कोयीतून वाढवलेले रोप चांगल्या झाडाच्या फांदीशेजारी आणतात, दोघांची साल थोडी तासतात, जखमेला जखम जुळवून बांधतात आणि दोन-तीन महिन्यांनी फांदी मूळ झाडापासून सोडवतात. ही विद्या भारताला अगदीच अपरिचित नव्हती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त फणस, जांभूळ, डाळिंब यांच्या कलमांचा उल्लेख आहे. परंतु आंब्याच्या निवडक जाती कलमाने जपून त्यांना नावे देण्याची परंपरा बहरली ती पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या बागांत. तिचे श्रेय बहुधा येशूसंघीय धर्मगुरूंना दिले जाते. त्या बागांत खपणारे माळी मात्र इथलेच होते, हेही विसरता कामा नये. अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून हापूस आला, असे मानले जाते. फर्नांदिन, मुसराद ही नावेही माणसांचीच. मानकुराद म्हणजे मूळचा ‘मालकोरादा’, रंगाने उणा. रंगावरून नावे ठेवली गेली, पण चवीने तो गोव्याचा लाडका झाला.

आंबा बाहेर गेला, तशी दूरदेशीची फळे आत आली. ऑर्ताच्या ग्रंथात काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ साली छापलेल्या क्रिस्तोव्हाव द कॉस्टाच्या ग्रंथात मात्र कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन आहे. काजू आणि अननस ही दोन्ही नावे दक्षिण अमेरिकेतील तुपी लोकांची, पोर्तुगीज जिभेवरून आपल्याकडे आलेली. अननस फिरंग्यांच्या बंदरांत होतो, असे बादशहा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो, आणि आग्र्याच्या बागेतही त्याचे हजारोंनी पीक येत असल्याचे अभिमानाने नोंदवतो.

फळांबरोबर पाककृतीही आल्या. ‘मुरंबा’ हा शब्द अरबी ‘मुरब्बा’वरून आलेला. गोव्याचे मांगाड मात्र पोर्तुगीज वळणाचे: मार्मेलो नावाच्या फळाचा साखरेत आटवलेला गर तो मार्मेलाद, तसा मांगा आटवला की मांगाड. युरोपात मार्झिपान बदाम आणि साखरेचे करतात. आपल्याकडे पास्काच्या सणाला त्याची अंडी घडवली जातात ती काजूची, कारण नेमका तोच काजूचा हंगाम. रीत युरोपची, बी ब्राझीलचे, वाटणारे हात आपल्या आज्यांचे. यातले परके कोणते आणि आपले कोणते, हे वेगळे काढून दाखवणे कोणालाही साधणार नाही.

साधे पदार्थ तर याहूनही बोलके आहेत. रायवळ आंब्याचा रस गाळून तूप लावलेल्या ताटात पसरायचा, उन्हात वाळू द्यायचा, त्यावर पुन्हा रसाचा थर द्यायचा. असे थरावर थर चढले की साठ तयार होते. बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा कालवून उकडलेली सांदणे, जवळ्यात पडलेली कैरीची फोड, रातांब्याचे सरबत, आणि सोललेली पिकी राजेळी केळी कित्येक दिवस उन्हात वाळवून सोपटात बांधलेली वसईची सुकेळी. येथे भट्टी सूर्याची आणि साखर फळाचीच.

आज हापूसला मान आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला आणि २०२३ साली गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळाले. रायवळला मात्र कोणी विचारीत नाही. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, बावखले बुजली, आणि प्रथम कुऱ्हाड पडली ती या नाव नसलेल्या झाडांवर. सुकेळी करणारी घरे आता मोजकीच उरली आहेत. कलमाला खुंट लागतो तो रायवळचाच, ही साधी गोष्ट आपण विसरतो. खुंटच उरला नाही, तर फांदी बांधणार कशाला?

या इतिहासाचे एक दुःखद पानही वाचले पाहिजे. आपल्या आंब्यांचे कौतुक जगाला सांगणारा गार्सिया द ऑर्ता यहुदी वंशातील ख्रिस्ती होता. १५६८ साली तो वारला, आणि १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्या राजवटीला फळांचे कलम मानवले, तिला माणसांचे कलम सोसले नाही. वास्तविक रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने रानटी जैतुनाच्या फांदीचा दृष्टान्त देऊन, कलम झालेल्या फांदीने मुळांपुढे फुशारकी मारू नये, असे बजावले होते.

ही शिकवण आपल्या ताटालाही लागू पडते. आपले अन्न फिरंगी म्हणून कोणी हिणवले, तर काजूकडे बोट दाखवावे; तो आता कोणाच्या ताटात नाही? आणि आपणच स्वतःला कलमी समजून रायवळला तुच्छ मानू लागलो, तर मुळांकडे पाहावे. या उन्हाळ्यात ज्यांच्या अंगणात अजून एखादे रायवळ उभे आहे, त्यांनी ते राखावे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून साठ आणि सुकेळी शिकून घ्यावीत, मुलींनी आणि मुलांनीही. किल्ल्याची डागडुजी सरकार करील. ताटाची आपल्यालाच करावी लागेल.