स्त्रीची कमाई आणि तिची मालकी

इ. स. १८७७ च्या एप्रिल महिन्याच्या २० तारखेस जुन्नर तालुक्यातील ओतूर गावाहून सावित्रीबाई फुले यांनी आपले पती जोतीराव यांस एक पत्र लिहिले. आदल्या वर्षी पडलेला दुष्काळ अद्याप सरला नव्हता. चारापाण्यावाचून जनावरे मरत होती, माणसे गाव सोडून चालली होती, आणि या हलाखीत सावकार आपला डाव साधीत होते, असे त्या पत्रावरून कळते. सत्यशोधक समाजाची मंडळी तेथे लोकांच्या साहाय्यास झटत होती. दुष्काळाविषयीचे सरकारी अहवाल पुष्कळ आहेत. पण दुष्काळी मुलखात जाऊन एका स्त्रीने लिहिलेला असा कागद विरळा. तो वाचताना आमच्या मनात एक प्रश्न येतो. ज्या घरात अंगी कसब असलेली, दिवसभर राबणारी स्त्री आहे, त्या घरावर एका अवर्षणासरशी सावकाराच्या उंबऱ्याशी जाण्याची पाळी का यावी?

उद्योगाची वाण होती म्हणावे, तर तसे दिसत नाही. डोंगरातून हिरडा गोळा करून बाजारी आणणारी महादेव कोळी बाई, सुपे-टोपल्या विणणारी बुरुडीण, फुलांची पाटी घेऊन येणारी माळीण, अशा कष्टकरी स्त्रिया या प्रदेशाने पिढ्यानपिढ्या पाहिल्या आहेत. ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या देवळी श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहावयास यात्रा लोटते. त्या गर्दीच्या कडेने लहानसहान जिन्नस मांडून बसलेल्यांतही बायका असतातच. उणीव होती ती दोन गोष्टींची: हाती भांडवल नाही, आणि मिळकतीवर हक्क नाही. यांपैकी दुसरी उणीव ही पहिलीची जननी होय, असे आमचे मत आहे. कारण जिच्या नावावर काहीच नाही, तिला उसने कोण देणार?

या हक्काचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. स्त्रीधनाचा विचार करताना कात्यायनाने असे सांगितले आहे की, स्त्रीने शिल्पकर्माने जे मिळविले, व परक्याने तिला प्रीतीने जे दिले, त्यावर पतीचे स्वामित्व असते. बाकीचे तेवढे स्त्रीधन. म्हणजे माहेराहून आलेला दागिना तिचा, परंतु तिच्या दहा बोटांनी मिळविलेला पैसा मात्र तिचा नव्हे! याहून जुन्या अर्थशास्त्रात कौटिल्याने विधवा, अपंग, अनाथ अशा स्त्रियांकडून सूत कातवून घेण्याची व्यवस्था सांगितली आहे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रीस दासीकरवी काम पोहोचवावे. ती स्वतः सूत्रशाळेत आली, तर पहाटेच तिचे सूत घेऊन मजुरी द्यावी. तिच्या मुखाकडे पाहणाऱ्या अथवा मजुरीस विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दंड व्हावा, इतका बारकावा त्यात आहे. या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि कापूस राज्याचा आणि सूतही राज्याचे. स्त्रीच्या पदरी पडे ती केवळ मजुरी.

कारागिरांस भांडवल मिळण्याची रीत आपल्या देशास अपरिचित होती असेही नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात, विणकरांच्या एका श्रेणीपाशी २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, व दुसरीपाशी १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने ठेवल्याची नोंद आहे. ओतूरपासून जवळच असलेल्या जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख सापडतात. कार्ले, कान्हेरी येथील लेखांत दान देणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत; पण ठेवी स्वीकारणारी स्त्रियांची श्रेणी मात्र आमच्या पाहण्यात नाही.

ही कोंडी फुटली ती विसाव्या शतकात. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि स्त्रियांस शिक्षणाबरोबर स्वावलंबनाची वाट मिळाली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ता संपूर्णपणे तिची ठरविली. कात्यायनाचा निर्बंध तेथे संपला. पुढे १९५९ च्या मार्च महिन्यात मुंबईस गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच आजचा लिज्जतचा गृहउद्योग. त्याच्या यशाचे मर्म पापडाच्या चवीइतकेच त्याच्या घटनेत आहे: तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीण असते, आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. गिरणगावात, देशावरून व कोकणातून आलेल्या कामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचे दार उघडून दिले. ज्यांच्या हातचे अन्न खाऊन गिरण्या चालल्या, त्यांची पत बँकेस प्रथमच दिसली.

ओतूरहून पुण्यास जाताना वाटेत राजगुरुनगर लागते. तेथील चैतन्य संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस खेड्यांतून बचत गट बांधले. १९९२ साली नाबार्डने असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि पुढे ती देशव्यापी चळवळ झाली. दहा-वीस बायका दरमहा थोडी थोडी रक्कम टाकतात, आपसांत कर्ज देतात, आणि व्याज गटातच राहते. जुन्या श्रेणीचेच हे नवे रूप. फरक इतकाच की येथे वही स्त्रियांच्या हाती आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द अवश्य आहे. कर्ज म्हणजे उद्धार, असे समीकरण मांडणारे आज पुष्कळ आहेत. बांगलादेशात १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्त्रियांच्या नावे दिलेली पुष्कळ कर्जे प्रत्यक्षात पुरुषच वापरीत असल्याचे दिसून आले. आंध्र प्रदेशात २०१० साली वसुलीचा जाच एवढा वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. हैदराबादेतील वस्त्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कर्जाने चालू धंदे थोडेबहुत वाढले, परंतु स्त्रियांच्या घरातील अधिकारात ठळक फरक पडला नाही, असे आढळले. जिच्या नावावर कर्ज आहे पण हातात पैसा नाही, तिच्या मानेवर जुन्या सावकाराच्या जागी नवा सावकार बसतो, एवढेच.

म्हणून स्त्रियांच्या लहान धंद्यांस साहाय्य करू इच्छिणाऱ्यांनी रकमेच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांस वाटते: माल कोणाच्या नावे विकला जातो, पैसा कोणाच्या हाती येतो, आणि तो कसा खर्चावा हे कोण ठरविते? या तिन्ही प्रश्नांस ‘तीच’ असे उत्तर मिळेल, तेथे थोडेसे भांडवलही घर सावरते. न मिळेल, तर मोठे कर्जही वाहून जाते. ओतूरच्या त्या पत्रातील सावकारापाशी पैसा होता आणि वहीही होती. पैसा आता बँक देऊ लागली आहे. वही मात्र अजून पुष्कळ घरांत तिच्या हाती यावयाची आहे.