ट्रॅकडी: हलका सर्व्हर, उघडं दार

२००२ साली रिचर्ड हिप यांनी सीव्हीएसट्रॅक लिहिलं. त्यावरून स्वीडनच्या एजवॉल कंपनीनं २००४ मध्ये पायथनमध्ये कामं नोंदवणारं ‘ट्रॅक’ आणलं. त्याचा छोटा सर्व्हर ट्रॅकडी, अपाचेशिवाय एका कमांडवर सुरू होतो. सोलापुरात जुन्या कम्प्युटरवर मी अजून तोच चालवतो.

पण पत्ता ठरवून दिला नाही, तर तो अख्ख्या नेटवर्कला दार उघडतो. एचटीटीपीएस त्यात नाहीच. बेसिक पद्धतीत पासवर्ड बेस-६४ मध्ये जातो. ते कुलूप नव्हे, नुसता पडदा. आणि आत काय? न बुजवलेल्या त्रुटींची यादी. चोराला घराचा नकाशाच की! म्हणून मी त्याला १२७.०.०.१ वर बांधलंय. बाहेरच्यांना आधी एनजिनएक्स भेटतो, सर्टिफिकेट त्याच्याकडे.