मिटविण्यासाठी जपलेल्या टेप : व्हाइट हाउसमधील संगणकीय बॅकअप आणि इतिहासाची साधने (१९८६-२००९)

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना अभ्यासकासमोर प्रामुख्याने कागद येतो. पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते ही साधने कोणीतरी हेतुपुरस्सर जपलेली असतात, अथवा कोणाचे लक्ष न गेल्यामुळे कपाटात पडून टिकलेली असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्यालयांमध्ये यांहून निराळ्या प्रकारचे साधन निर्माण झाले. ते म्हणजे संगणकातील माहितीची चुंबकीय टेपवर नियमितपणे घेतली जाणारी प्रत, अर्थात बॅकअप. ही प्रत जपली जाते ती ठरावीक मुदतीपुरतीच. मुदत संपली की तीच टेप पुन्हा ड्राइव्हमध्ये चढते आणि जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जातो. पुसले जाणे हा या साधनाच्या स्वभावाचाच भाग होय.

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयात १९८६ ते २००९ या कालखंडात अशा टेपवरून जे वाद झाले, त्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांतून हे वाद मोठ्या घोटाळ्यांची उपकथा म्हणून येतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी टेप फिरविण्याची एक साधी कार्यालयीन शिस्त आहे. काय वाचले आणि काय गेले, हे तिच्यावाचून उलगडत नाही.

टेप फिरविण्याची शिस्त

संगणकासाठी चुंबकीय टेपचा वापर १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळालेल्या युनिव्हॅक यंत्राबरोबर सुरू झाला. त्या यंत्राची टेप धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएमने ७२६ हे टेप-यंत्र आणले आणि लोह ऑक्साइडचा थर दिलेली प्लास्टिकची हलकी टेप रूढ झाली. टेपवरील मजकूर क्रमाने लिहावा लागतो व क्रमानेच वाचावा लागतो. मधली एखादी फाइल हवी असेल तर तिथपर्यंतची सर्व टेप उलगडणे भाग पडते. त्यामुळे रोजच्या कामासाठी डिस्क पुढे आली आणि डिस्क बिघडल्यास हाताशी असावी अशी प्रत ठेवण्याचे काम टेपकडे आले. टेप स्वस्त होती, यंत्रातून काढून दुसऱ्या इमारतीत नेता येत होती आणि पुन्हा वापरता येत होती.

रोज सर्व डिस्कची संपूर्ण प्रत घ्यायची तर रात्र पुरत नाही आणि टेपही पुरत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण बॅकअप व इतर दिवशी केवळ बदललेल्या फाइलींचा बॅकअप अशी विभागणी झाली. युनिक्स प्रणालीतील ‘डम्प’ या आज्ञेत शून्यापासून नऊपर्यंत पातळ्या होत्या. शून्य म्हणजे सर्व काही, आणि पुढील प्रत्येक पातळी म्हणजे तिच्याहून खालच्या पातळीच्या शेवटच्या बॅकअपनंतर बदललेले तेवढेच. टेपच्या फेऱ्यांनाही क्रम असे. रोजच्या टेप लवकर परत वापरात येत, आठवड्याच्या काही आठवडे राहत, महिन्याच्या अधिक काळ राहत. संगणक-व्यवहारात या रचनेला ‘आजोबा-वडील-मुलगा’ असे घरगुती नाव आहे. या घरात आजोबांचेही आयुष्य मोजलेलेच असते, ही गोष्ट मात्र नावावरून लक्षात येत नाही.

या शिस्तीचा हेतू काल चालू असलेले कार्यालय आज पुन्हा चालू व्हावे एवढाच होता. बॅकअप आणि अभिलेख यांतील भेद येथे आहे. अभिलेखात निवड असते, सूची असते, कोणत्या कागदाचे काय महत्त्व याचा निर्णय असतो. बॅकअप सरसकट असतो. मंत्र्याचे गोपनीय टिपण आणि दुपारच्या जेवणाचा निरोप त्याच्या लेखी सारखेच. या सरसकटपणामुळेच पुढे तो इतिहासाच्या उपयोगी पडला.

नोव्हेंबर १९८६

रेगन यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयात आयबीएमची ‘प्रॉफ्स’ ही संदेशप्रणाली वापरात आली. मध्यवर्ती मोठा संगणक आणि त्याला जोडलेले अधिकाऱ्यांच्या टेबलांवरील पडदे अशी तिची रचना होती. संगणकाची देखभाल व्हाइट हाउस कम्युनिकेशन्स एजन्सी या लष्करी यंत्रणेकडे असून बॅकअप टेपचीही जबाबदारी तिचीच होती. संदेश पाठविणाऱ्यांचा टेपशी संबंध येत नसे. त्या आहेत याची जाणीवही अनेकांना नव्हती.

इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातील पैसा निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले. त्या दिवसांत सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांच्या संगणकीय खात्यातून पाच हजारांहून अधिक, तर त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांच्या खात्यातून सातशेहून अधिक संदेश काढून टाकण्यात आले. नॉर्थ यांच्या कार्यालयातील कागद यंत्रात घालून कातरले गेले. ते कागद परत येणारे नव्हते. संदेशांचे तसे झाले नाही. ते ज्या डिस्कवरून गेले तिची प्रत आधीच्या रात्रींच्या टेपवर होती, आणि त्या टेपची पुन्हा वापरात जाण्याची पाळी यायच्या आत त्या बाजूला काढल्या गेल्या. टॉवर आयोगाने २६ फेब्रुवारी १९८७ रोजी सादर केलेल्या अहवालात या संदेशांचा मोठा वापर केला. बटन दाबले की संदेश कायमचा जातो अशी आपली समजूत होती, असे नॉर्थ यांनी जुलै १९८७ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढील साक्षीत सांगितले.

येथे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीला देण्याचे कारण नाही. प्रकरण काही आठवडे उशिरा फुटले असते, तर त्याच शिस्तीने तेच संदेश पुसून टाकले असते, आणि ते योग्य कार्यालयीन वर्तन ठरले असते.

टेपवरील खटला

रेगन यांची मुदत २० जानेवारी १९८९ रोजी संपत होती. जाण्यापूर्वी प्रॉफ्सच्या टेप पुसून यंत्रणा नव्या प्रशासनासाठी मोकळी करण्याचा बेत होता. नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संशोधन संस्थेचे संस्थापक, पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग यांनी १९ जानेवारी रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी त्याच दिवशी टेप नष्ट करण्यास तात्पुरती मनाई केली. वादींमध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ही इतिहासकारांची संघटना आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशन यांचाही समावेश होता. एखादे साधन वाचविण्यासाठी इतिहासकारांनी न्यायालयात उभे राहावे, ही घटना त्या व्यवसायाच्या इतिहासात विरळा आहे.

शासनाचा युक्तिवाद वरवर पाहता व्यवहार्य होता. महत्त्वाचे संदेश कर्मचाऱ्यांनी कागदावर छापून फाइलला लावावेत, मग टेप ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही, असे त्याचे स्वरूप होते. न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी ६ जानेवारी १९९३ रोजी तो फेटाळला आणि १३ ऑगस्ट १९९३ रोजी अपील न्यायालयाने ही भूमिका उचलून धरली. छापील प्रतीत संदेशाचा मजकूर असला तरी तो कोणाकोणाला गेला, केव्हा पोहोचला हे नेहमीच उमटत नाही. पत्रव्यवहाराच्या अभ्यासकाला याचे मोल सांगावयास नको. पत्राची नक्कल हाती आहे, पण मायना, तिथी व पोहोच फाडलेली आहे, असाच तो प्रकार. योगायोग असा की भारतीय संसदेचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही १९९३ चाच असून त्याच्या व्याख्येत संगणकाद्वारे निर्माण झालेल्या सामग्रीचा समावेश आहे.

दरम्यान १९९३ च्या जानेवारीत, थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या रात्री, हजारो टेप घाईघाईने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे हलविण्यात आल्या. अभिलेखागारापुढील अडचण निकालाने सुटणारी नव्हती. चुंबकीय कण टेपला चिकटवून ठेवणारे द्रव्य दमट हवेत बिघडते, वाचणारी यंत्रे जुनी होतात. काही काळापुरत्या बनविलेल्या वस्तूला कायमचे साधन मानावयाचे, तर तिची दुसऱ्या टेपवर नक्कल करणे क्रमप्राप्तच होते.

जोडलेले संगणक, विखुरलेली माहिती

खटला चालू असतानाच कार्यालयातील संगणकाचे रूप बदलले. एका मोठ्या यंत्राऐवजी नेटवर्कने जोडलेली अनेक यंत्रे आली आणि माहिती प्रत्येक टेबलावर विखुरली. प्रत्येक यंत्रापाशी जाऊन टेप चढविणे अशक्यप्राय झाले. वॉशिंग्टननजीकच्या कॉलेज पार्क येथील मेरीलँड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात याच अडचणीतून ‘अमांडा’ ही प्रणाली तयार झाली. जेम्स दा सिल्वा व ओलाफुर गुडमुंडसन यांनी १९९२ साली युसेनिक्स परिषदेत तिच्यावरील निबंध मांडला.

तिची युक्ती मासलेवाईक आहे. नेटवर्कवरून येणारी माहिती संथ आणि खंडित असते. टेप ड्राइव्हला मात्र अखंड प्रवाह हवा. तो तुटला की टेप थांबते, मागे सरते, पुन्हा पुढे धावते. वेळ जातो आणि झीज होते. म्हणून अमांडा अनेक यंत्रांचे बॅकअप एकाच वेळी मागवून आधी एका डिस्कवर साठविते आणि तेथून सलग टेपवर उतरविते. पूर्ण बॅकअपचा भार ती वेगवेगळ्या रात्रींवर वाटून टाकते. ड्राइव्हमध्ये चढविलेली टेप फेरीतील अपेक्षित नसेल, तर तिच्यावर लिहिण्यास नकार देते. आधी संगणक-चालकाच्या वहीत आणि स्मरणात असलेली शिस्त आता प्रणालीत आली.

व्हाइट हाउसमध्ये १९९४ पासून ई-मेल आपोआप अभिलेखात टिपणारी ‘आर्म्स’ ही स्वतंत्र यंत्रणा होती. बॅकअप आणि अभिलेख यांची अशी फारकत झाल्याने प्रश्न मिटावयास हवा होता. परंतु ‘मेल२’ या सर्व्हरच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकामुळे ऑगस्ट १९९६ ते नोव्हेंबर १९९८ या काळात पाचशेच्या आसपास खात्यांवर बाहेरून आलेले संदेश आर्म्सने टिपलेच नाहीत. २००० साली हे प्रकरण काँग्रेससमोर आले, तेव्हा शोध पुन्हा टेपपाशीच येऊन थांबला आणि मोठ्या खर्चाने टेपवरून संदेश परत मिळविण्याचे काम हाती घ्यावे लागले.

धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत २००२-०३ मध्ये ई-मेल प्रणाली बदलली, आर्म्स मागे पडली आणि तिची जागा घेणारी समर्थ व्यवस्था उभी राहिली नाही. संदेश फाइलींमध्ये हाताने साठविले जाऊ लागले. बॅकअप टेप मात्र ऑक्टोबर २००३ पर्यंत जुन्या शिरस्त्याने फिरत राहिल्या. संगणक विभागाने आपले काम चोख केले. अभिलेखाची जबाबदारी आता अप्रत्यक्षपणे त्याच टेपवर आली आहे, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. दोष द्यावयाचा तर तो टेप फिरविणाऱ्याला नव्हे, आर्म्सला पर्याय न देता ती बंद पडू देणाऱ्यांना द्यावा लागेल.

२००७ साली नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह आणि ‘क्रू’ ही नागरी संस्था यांनी पुन्हा न्यायालय गाठले. डिसेंबर २००९ मधील तडजोडीनुसार ९४ दिवसांचे ई-मेल टेपवरून परत उभे करण्याचे ठरले. चुकीच्या नोंदींमुळे सापडत नसलेले सुमारे २ कोटी २० लाख संदेशही तोवर हाती लागले होते. २००८ मध्ये या दाव्यात शासनाने जी माहिती दिली, तीनुसार मे २००३ पूर्वी लिहिलेली एकही बॅकअप टेप शिल्लक नव्हती. इराकवरील आक्रमण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुरू झाले होते. त्या आठवड्यांतील टेप पुन्हा वापरल्या गेल्या होत्या.