डोहाळजेवणाचे ताट आणि परळचा शोध

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांनी जे संस्कार जपले, त्यांत डोहाळजेवणाचे स्थान वरचे आहे. सातव्या महिन्यातली हिरवी साडी, फुलांची वाडी, पेढा की बर्फी हे ओळखायच्या झाकलेल्या वाट्या इंदूर-बडोद्याच्या वाड्यांतही तितक्याच हौसेने सजल्या. ‘डोहाळे’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘दौहृद’शी आहे: एका देहात दोन हृदये. अशा स्त्रीच्या इच्छा अव्हेरू नयेत, असे सुश्रुतसंहिता सांगते.

परंतु तो एक दिवस सरला की काय होई? पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर उरलेल्यात भागवणे हाच आपल्या अनेक आज्या-पणज्यांचा नित्यक्रम होता. कोडकौतुक आणि पोषण यांत आपण फरक केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

तो फरक विज्ञानाने दाखवला, तोही मुंबईतच. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधक डॉक्टर भारतात आल्या. गिरणगावासारख्या वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा अभ्यास त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत मांडला. रोगजंतूंचा माग निष्फळ ठरला आणि त्यांची दृष्टी ताटाकडे वळली. त्या स्त्रियांच्या जेवणात प्रथिने, फळे आणि भाज्या यांचा तुटवडा होता. ‘मार्माइट’ हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेचे संशोधन भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली चाले.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. गर्भधारणेच्या आधीपासून हे द्रव्य दिल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील व मेंदूतील जन्मजात दोष पुष्कळ टळतात. कारण मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. दिवस गेल्याचे पुष्कळदा कळलेलेही नसते.

म्हणजे सातव्या महिन्याचे ताट या कामी फार उशिरा येते. पालक, मूग, हरभरा, शेंगदाणे आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. मात्र फार शिजवल्याने हे द्रव्य घटते, आणि केवळ अन्नातून गरज भागेल याची खात्री नसते. म्हणून मूल हवे असे ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, आणि पुढे लोहाचीही विसरू नये.

डोहाळजेवण आपण जरूर करावे. पण लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या दिवसापासून पहिल्या पंगतीला बसवले, तरच दोन हृदयांचा मान आपण खऱ्या अर्थाने राखला, असे होईल.