काचेच्या कणांची साक्ष किती कणांवर उभी?

माणिकपूर, प्रतिनिधी - खिडकीची काच फुटते तेव्हा काही कण उलट दिशेने उडून फोडणाऱ्याच्या कपड्यांवर व केसांत बसतात. हे कण बहुधा मिलिमीटरहूनही लहान असतात आणि हालचालीमुळे त्यांतील बरेचसे थोड्याच वेळात गळून पडतात. उरलेल्या दोन-चार कणांवर संशयिताचे भवितव्य ठरू शकते. माणिकपूरसारख्या, सरकत्या काचांच्या खिडक्यांनी भरलेल्या वस्तीत या पुराव्याचे मोल नेमके किती, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

पहिला प्रश्न घटनास्थळावरील नमुन्याचा. जमिनीवरचा एखादा तुकडा उचलून सीलबंद करणे पुरेसे नाही; तो दुसऱ्याच काचेचा असू शकतो. चौकटीत अडकून राहिलेले, पूर्ण जाडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यावे लागतात. आजची बहुतेक तावदाने वितळलेल्या कथिलावर काच पसरवून तयार होतात. कथिलाला टेकलेल्या पृष्ठभागाचा अपवर्तनांक आतील काचेहून वेगळा भरतो. म्हणजे एकाच तावदानात फरक असतो, आणि तो अनेक मोजण्यांखेरीज कळत नाही.

प्रयोगशाळेत कण सिलिकॉन तेलात ठेवून तेल तापवतात. कणाची कडा दिसेनाशी होते त्या तापमानावरून अपवर्तनांक काढतात. खिडकीच्या काचेचा तो सुमारे १.५२ असतो, त्यामुळे खरा भेद चौथ्या-पाचव्या दशांश स्थळी शोधावा लागतो. लेसरच्या साह्याने मूलद्रव्ये मोजण्याच्या अमेरिकी मानकात ज्ञात काचेचे किमान तीन तुकडे व नऊ मोजण्या अपेक्षित आहेत. कपड्यांवरील कणांनाही हाच न्याय हवा. दहा कणांपैकी दोन जुळले आणि आठ जुळले नाहीत, तर ते आठही अहवालात दिसले पाहिजेत.

'जुळले' म्हणजे 'त्याच खिडकीचे' असा अर्थ मात्र होत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडले यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की तेवढेच साम्य दुर्मीळ काचेत वजनदार आणि सर्रास आढळणाऱ्या काचेत हलके ठरते. समजा, परिसरातील शंभरांपैकी तीन काचा या गुणधर्माच्या आहेत. मग दहा हजार खिडक्यांत अशा तीनशे निघतील. रायगड जिल्ह्यात तळोजा येथेच फ्लोट काचेचा कारखाना आहे. अशा एका कारखान्याची काच असंख्य घरांत बसते. त्यामुळे परदेशातील काचांची आकडेवारी वसईच्या खिडकीला लावणे धोक्याचे आहे. मोजणी इथल्याच काचांची हवी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्याच संहितेच्या कलम ३२९ नुसार सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल साक्षीविनाही पुराव्यात वापरता येतो. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास तज्ज्ञाला बोलावता येते. किती कण सापडले, किती मोजले आणि किती जुळले नाहीत, हे विचारण्याची जागा तीच.